होकायंत्र व बेसाल्टी प्रदेश

होकायंत्रातील चुंबकसूची नेहमी भौगोलिक उत्तर दाखविते, हा समज बरोबर नाही. ती त्या ठिकाणच्या एकूण चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिरावते. चुंबकीय व भौगोलिक उत्तरेमधील कोनास दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो अल्प असल्याने मोठी चूक बहुधा जवळच्या लोहामुळे अथवा खडकामुळे, म्हणजे स्थानिक आकर्षणामुळे होते.

बुलढाणा जिल्ह्याचा घाटमाथा व लोणारचा परिसर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाचा आहे. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. वीज पडलेल्या ठिकाणी उघडा खडक तीव्र चुंबकित होतो. पूर्णा खोऱ्यातील जाड गाळाच्या मैदानात हा परिणाम सहसा कमी जाणवतो.

परिसरामुळे मापनात येणाऱ्या दोषाचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युत्‌प्रवाहाने नोंदी दूषित होतील, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबाग येथे अचुंबकीय दगडाच्या इमारतींत नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन जुन्या व नव्या मापनांचा मेळ घालण्यात आला. विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. निरीक्षणांची परंपरा मात्र अखंड राहिली.

मोजणीदाराला खडक टाळता येत नाही; तथापि चूक ओळखता येते. रेषेच्या दोन्ही टोकांवरून घेतलेल्या दिशाकोनांत १८०° चा फरक असावा. तो नसल्यास निदान एका टोकावर स्थानिक आकर्षण आहे, असे समजावे. एकाच स्थानावरून घेतलेल्या सर्व दिशाकोनांत सारखीच चूक असल्याने त्यांमधील कोन बरोबर येतात. त्यावरून निर्दोष रेषेपासून पुढे दुरुस्ती करीत जावे.

वाचन घेताना लोखंडी साखळी, पहार, किल्ल्यांचा जुडगा दूर ठेवावा. काच कोरड्या कापडाने घासल्यास ती विद्युत्‌भारित होऊन सूचीला ओढते. ओलसर बोट फिरविल्याने हा भार नाहीसा होतो. उपकरण नेताना सूची टोकावरून उचलून अडकवावी, अन्यथा टोक बोथट होऊन ती मंद फिरते. उत्तर टोक खाली झुकते, म्हणून दक्षिण बाजूस बसविलेले पितळी वजन काढू नये. शेताच्या हद्दीचा वाद अशा वाचनावर अवलंबून असेल, तर एकाच वाचनावर विसंबणे अन्यायाचे ठरते.