दंडाची पावती आणि कोळशाची खाण

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केले, हे श्रोत्यांस ठाऊक आहेच. ते अर्पण योग्यच होते. परंतु त्याच वर्षी त्या देशाच्या जॉर्जिया राज्यात सरकार आपले कैदी ठेकेदारांस भाड्याने देत होते, आणि त्या कैद्यांत बहुसंख्य कालचे गुलामच होते. हे कसे घडले?

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली. अपवाद एकच, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेता येईल. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. मालकाशी करार करताना तेथे एक गोष्ट शिकलो : सारी मेख 'परंतु'च्या पुढे असते.

मिसिसिपी राज्याने त्याच वर्षी ती मेख ठोकली. जानेवारी १८६६ पासून मुक्त झालेल्या प्रत्येक काळ्या माणसाजवळ कामाचा लेखी पुरावा हवा. नसला तर तो उनाड ठरे. दंड पन्नास डॉलरपर्यंत. पाच दिवसांत न भरल्यास जो कोणी दंड भरील त्याच्याकडे राबावयाचे. असले उघड कायदे लवकरच गेले. मागून आलेल्या कायद्यांत रंगाचे नाव नव्हते. पण पकडणारा शेरीफ गोरा, न्यायाधीश गोरा आणि दंड न भरू शकणारा बहुधा काळा.

टेनेसीतील कोल क्रीकच्या खाणीत मालकांनी कामगारांना नमविण्यासाठी असे कैदी आणले. जुलै १८९१ मध्ये कामगारांनी कैद्यांना आगगाडीत बसवून नॉक्सव्हिलला परत धाडले. ऑक्टोबरात तर कोठड्या जाळून त्यांना मोकळे सोडले. या कामगारांत गोरे पुष्कळ, काही काळेही होते. केवळ भूतदयेने ते उठले असे आम्ही म्हणणार नाही. पोटाची भाकरी जात होती म्हणून उठले. पण बेडीतला मजूर आपलीही मजुरी पाडतो, हे त्यांस उमगले. १८९६ मध्ये टेनेसीतला ठेका संपला. मग सरकारनेच ब्रशी माउंटनला तुरुंग बांधला आणि तेथील कैद्यांना आपल्या खाणीत उतरविले!

अलाबामात ठेका चालूच होता. ८ एप्रिल १९११ रोजी तेथील बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसे मेली. बहुतेक काळे कैदी. कित्येकांचा अपराध जुगार वा उनाडकी एवढाच. दंडाची पावती फाडता आली नाही, म्हणून प्राण गेला. तेथला ठेका बंद व्हावयास १९२८ उजाडले.

२०२२ साली टेनेसी व अलाबामाच्या मतदारांनी आपापल्या राज्यघटनेतून तो अपवाद काढून टाकला. देशाच्या घटनेत तो अद्याप आहे.

जोतीरावांचे अर्पण आम्ही खोडीत नाही. मात्र कायद्यात रंग लिहिलेला नाही एवढ्यावर न्याय समान झाला असे कोणी सांगू लागला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : दंड भरणे कोणास परवडत नाही? आणि त्याच्या कैदेवर नफा कोण कमावतो?