बुलेटची थरथर आणि नॉर्टनचं रबर

जुनी बुलेट बोरिवलीहून निघून हायवेवर ८० ला गेली की आरशातलं सगळं धूसर! इंजिन थेट फ्रेमला आवळलेलं. फ्रेमला ताठपणा येतो, पण थरथर हातात उतरते.

हेच कोडं इंग्लंडमध्ये नॉर्टनला पडलं. त्यांची १९५० ची फेदरबेड फ्रेम वळणात नामी, पण तीत ७५० सीसीचं इंजिन बसवल्यावर हात सुन्न. मग १९६७ च्या कमांडोत इंजिन, गिअरबॉक्स, स्विंगआर्म एकत्र बांधून रबरावर ठेवले. थरथर गेली, पण मागचं चाकही रबरावर आलं! बाजूची फट साधारण पाव मिलिमीटर हवी. जास्त झाली तर गाडी डुलते, कमी झाली तर थरथर परत.

२०२१ च्या क्लासिक ३५० मध्ये फ्रेम ताठ आणि इंजिनातच बॅलन्सर. म्हणजे पॅच नाही, बगच काढला. आता जुने बुलेटवाले म्हणतात, "धडधड गेली!" असो.