राहती गाडी घेण्याआधी ती चालवून पाहावी

भैंसा येथून पश्चिमेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६१ (जुना २२२) भोकर, नांदेड, परभणी, नगर असा जात माळशेज घाट उतरून कल्याणला पोहोचतो. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात असलेल्या या गावाची सोयरीक आजही त्याच रस्त्याने आहे. माहूर, तुळजापूर, पंढरपूर या यात्राही बव्हंशी त्याच बाजूच्या. पूर्वी जीप किंवा मॅटाडोर भाड्याने ठरवून लोक जात. आता एखादी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सोय होईल, असा विचार काही घरांत सुरू झाला आहे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत ती घरे तिकडची मोटारहोम पाहून आलेली असतात. घेणाऱ्याचे लक्ष बहुतेक वेळा पलंग आणि पडद्यांकडे जाते. गाडी वळणावर, वाऱ्यात आणि घाटात कशी वागते हे पैसे मोजून झाल्यावर कळते. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. अमेरिकेत ‘गॅस मोटारहोम’ म्हणजे पेट्रोलवर चालणारी राहती गाडी, कारण तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात. आपल्याकडे गॅस म्हटले की सिलिंडर किंवा सीएनजी डोळ्यांपुढे येते. तिकडच्या मोठ्या पेट्रोल मोटारहोम मुख्यतः फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेल्या असतात, तर लहान गाड्या व्हॅनच्या चासीवर. आपल्याकडे बहुतेक रूपांतरे पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या (पूर्वीची बजाज टेम्पो) डिझेल ट्रॅव्हलरवर होतात. इंधन वेगळे असले तरी उंच अंग, लांब शेपूट आणि जड ओझे यांच्या तक्रारी दोन्हींकडे सारख्याच आहेत.

सगळ्यात मोठा प्रश्न वजनाचा. भैंसा कापसाच्या बाजाराचे गाव असल्याने वजनकाटा शोधायला लांब जावे लागत नाही. गाडी यात्रेला निघते तशी भरावी: पाणी, भांडी, अंथरुणे आणि माणसेसुद्धा. मग आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, नंतर पूर्ण गाडी, शेवटी फक्त मागची चाके. पूर्ण वजन नोंदणी पुस्तकातल्या कमाल वजनाच्या आत हवे, आणि प्रत्येक एक्सलचे वजन कंपनीने पाटीवर दिलेल्या मर्यादेच्या आत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली म्हणजे जवळपास तीन माणसे जास्त बसली. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि लोखंड धरून तो तीस किलोच्या आसपास जातो.

ओझे किती यापेक्षा कुठे, हे जास्त महत्त्वाचे. मागच्या एक्सलच्या पाठीमागे जेवढी गाडी बाहेर निघालेली असते त्याला ओव्हरहँग म्हणतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ३.७ मीटर असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या दीड मीटर मागे शंभर किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर सुमारे १४० किलो वाढतात आणि पुढचा एक्सल ४० किलोने हलका होतो. पुढे वजन कमी म्हणजे स्टिअरिंग हलके, आणि पुढच्या टायरची पकड कमी. ‘स्टिअरिंग किती हलके आहे बघा’ असे विकणारा कौतुकाने सांगतो तेव्हा हा हिशोब आठवावा. आपल्या मोटार वाहन नियमांत ओव्हरहँगला चाकांतल्या अंतराच्या ६० टक्क्यांची मर्यादा आहे. मागे शिडी, पेटी, स्टेपनी जोडत गेलेल्या गाडीची टेप लावून खात्री करावी. लांब शेपटाचा दुसरा त्रास वळताना कळतो. गाडी उजवीकडे वळली की मागचा कोपरा डावीकडे बाहेर फेकला जातो. बाजारातल्या गर्दीत तो शेजारच्या ऑटोला किंवा हातगाडीला लागतो, आणि चालकाला आवाज आल्यावरच समजते.

टपावरचे ओझे त्याहून वाईट. पाण्याची टाकी, एसी आणि यात्रेच्या बोचक्यांनी भरलेले कॅरिअर टपावर गेले की गाडी वळणावर कलते. टाकी शक्यतो जमिनीलगत, दोन्ही एक्सलच्या मध्ये आणि आत आडवे पडदे असलेली हवी. पडदे नसलेली अर्धी भरलेली टाकी ब्रेक लावल्यावर पाणी पुढे आपटवते, आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलते.

उंच बाजूच्या गाडीला वारा पालासारखा धरतो. समोरून मोठा ट्रक आला की आधी बाहेर ढकलल्यासारखे आणि लगेच आत ओढल्यासारखे होते. थोडे होणारच. पण प्रत्येक ट्रकला स्टिअरिंग दुरुस्त करावे लागत असेल, तर चालक शंभर किलोमीटरवरच थकतो. अमेरिकेत लोक यासाठी जाड अँटी-रोल बार आणि स्टिअरिंग डँपर लावतात. ते उपयोगी पडतात, पण आधी टायरमधली हवा (काट्यावरच्या वजनानुसार), चाकांचे अलाइनमेंट, स्टिअरिंगमधली मोकळीक आणि बसलेले पाटे पाहावेत. झिजलेल्या सांध्यावर नवा भाग बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

घाटाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण जीव जातात ते तिथे. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सोडतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे वर्षातून दोनदाच बाहेर पडणाऱ्या गाडीतले तेल जुने असेल तर ते उकळून पेडल मऊ पडते. तेल दर दोन वर्षांनी बदलावे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोल इंजिन अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडीला चांगले आवरते. एक्झॉस्ट ब्रेक नसलेले डिझेल त्या मानाने कमी. मात्र चढावर पेट्रोल इंजिनला जास्त फेरे मारावे लागतात. मोटारहोममध्ये ते पुढे, चालकाच्या पायाशीच असल्याने आवाज आणि उष्णता आत येतात. तक्रार आवाजाची असली तरी इंजिन बिघडलेले असतेच असे नाही.

आपल्याकडची एक वाईट सवय इथे स्पष्ट सांगायला हवी. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे चालक अजून आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत थोड्या दाबांतच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. पाठीमागे आईवडील झोपलेले असताना हे करू नये, आणि करणाऱ्या चालकाला गाडी देऊ नये.

उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी बदलायलाच सांगेन. त्याची किंमत सौद्यात धरावी.

चाचणीसाठी गावाला एक फेरी पुरत नाही. भरलेली गाडी मोकळ्या महामार्गावर तासभर चालवावी, शेजारून ट्रक जाऊ द्यावेत, आणि निर्मळच्या पुढच्या महबूब घाटाच्या जुन्या रस्त्याने चढून-उतरून यावे. घाटाखाली थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, स्पर्श न करता. एकच चाक फार तापले असेल तर ब्रेक अडकतो आहे. परतताना घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला मागच्या आसनावर बसवावे. ट्रॅव्हलरच्या शेपटाला बसणारा दणका चालकाला पुढे कळत नाही, ते माणूस सांगेल. चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपू नये. पट्टा असलेल्या आसनावरच बसावे.

कागदांचे थोडक्यात. पलंग-शेगडी बसवून आसने बदलणे हा मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमातला बदल आहे. परवानगी न घेता केला तर अपघातानंतर विमा अडू शकतो. नांदेडकडची एमएच गाडी इकडे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तेलंगणात नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र विकणाऱ्याकडूनच, पैसे देण्याआधी घ्यावे. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो.