मोहने : पावसाचे पाणी आणि उल्हास नदी

मोहने (ता. कल्याण, जि. ठाणे). आंबिवली स्थानकाजवळची, उल्हास नदीच्या काठावरची वस्ती. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत. गावाची नोंद येथे घ्यायची ती दोन गोष्टींच्या शेजारामुळे. मोहिली उदंचन केंद्र याच परिसरात नदीतून शहरासाठी पाणी उचलते, आणि गाळेगाव नाला याच परिसरात नदीला मिळतो. वस्तीतून वाहून गेलेले पाणी नळाला परत येण्याचे अंतर येथे फार कमी आहे.

नदी व बंधारा : उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूरमार्गे येते. कल्याणपुढे तिची खाडी होते आणि ती भरती-ओहोटीच्या पाण्यात मिसळते. मोहन्याच्या बंधाऱ्याने (स्थानिक नाव एनआरसी बंधारा) वरचे गोडे पाणी अडते. उन्हाळ्यात नदीचा स्वतःचा प्रवाह रोडावतो; तेव्हा बारवी धरणातून सोडलेले आणि भिवपुरी वीजकेंद्रातून बाहेर पडणारे आंध्रा धरणाचे पाणी यांच्यावर भिस्त असते. अशा संथ, अडलेल्या पाण्यात नाल्याची घाण फारशी विरळ होत नाही. धरणातून शुद्ध पाणी आणायचे आणि उपशाच्या तोंडाशी त्यात सांडपाणी मिसळू द्यायचे, हा व्यवहार महागात पडणाराच आहे.

निचरा : मातीवर पडलेला पाऊस बराचसा मुरतो, पत्र्यावर, डांबरावर आणि काँक्रीटवर पडलेला जवळजवळ सगळा वाहतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस झाला, तरी एक हजार लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते. ते वाटेत रस्त्यावरचे तेल, टायरची झीज, बांधकामाची रेती, गुरांचे शेण, चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या उचलते. वळवाची पहिली सर सर्वांत घाण असते, कारण आठ महिन्यांचे साचलेले ती एका तासात धुऊन नेते. जूनच्या सुरुवातीला नाल्याच्या तोंडाशी उभे राहिले की ते डोळ्यांनी दिसते : आधी काळसर पाणी, त्यावर तेलाचा तवंग, मग थर्माकोलचे तुकडे, आणि मागाहून गढूळ लाल लोंढा.

कागदोपत्री पावसाळी गटार आणि मलवाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी. दाट, आपोआप वाढलेल्या वस्त्यांत मात्र मोरीचे पाणी, सेप्टिक टाकीचा ओसंडा आणि पावसाचे पाणी एकाच उघड्या गटारात जाते. त्यामुळे नाला बारमाही वाहतो. पावसाळ्यात त्याला फक्त जोर येतो. दरवर्षी मेमध्ये होणारी नालेसफाई पुरासाठी आवश्यक आहेच, पण काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्याच पावसात तो पुन्हा पाण्यात जातो.

जलपर्णी : साबणातील फॉस्फेट आणि मैल्यातील नायट्रोजन हे तिचे खाद्य. पावसाळा ओसरला, पाणी संथ झाले, की बंधाऱ्यामागे हिरवा गालिचा पसरतो. तो कुजला की पाण्यातला प्राणवायू घटतो. यंत्राने किंवा हाताने काढणे हा तात्पुरता इलाज. नाल्यातून खाद्य येत आहे तोवर ती परत उगवते.

उद्योग : बंधाऱ्याच्या नावातील एनआरसीचा (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन) कारखाना २००९ मध्ये बंद पडला. नदीच्या आजच्या प्रदूषणात वरच्या बाजूच्या शहरांचा वाटा किती, कारखान्यांचा किती आणि मोहन्याचा स्वतःचा किती, यावर एकमत नाही. उल्हासनगरचा खेमाणी नाला या वादात वारंवार येतो.

नोंदी व आंदोलने : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला नदीच्या पाण्याचे नमुने घेते. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे आहेत, पैकी ५३ महाराष्ट्रातील; त्यांत उल्हासचा पट्टा ‘मोहने ते बदलापूर’ असा नोंदला आहे. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास-वालधुनी नद्यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादात नेला. २०२१ मध्ये ‘मी कल्याणकर’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मोहन्यात थेट नदीपात्रात बसून नाल्याचे पाणी रोखण्याची मागणी केली. प्रस्तुत विषयातील ही सर्वांत नेमकी मागणी म्हणावी लागेल, कारण तिने नेमक्या जागेवर बोट ठेवले.

विसर्जन : गणेशमूर्ती थेट नदीत जाऊ नयेत म्हणून महापालिका कृत्रिम तलाव उभारते.

प्रतिबंध : खरा उपाय नाल्याच्या मुखाशी आहे. कोरड्या दिवसांतला प्रवाह अडवून तो मलप्रक्रिया केंद्राकडे वळवणे, पावसाळ्यात जाळ्या लावून कचरा गाळणे, आणि नाल्याचे मुख उपशाच्या वर राहणार नाही अशी आखणी करणे ही महापालिकेची कामे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रक्रिया न करता सांडपाणी नदीत सोडणे बेकायदा आहे, आणि हा कायदा नगरपालिका-महापालिकांनाही लागू आहे. सोसायटीच्या पातळीवर गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलमध्ये मुरवावे, सेप्टिक टाकी पावसाआधी उपसावी, आणि पेव्हर ब्लॉकखाली सिमेंट न ओतता वाळू भरावी, म्हणजे फटींतून पाणी जिरते. गॅरेजमधले जळके ऑइल गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. मोहन्यासारख्या ठिकाणी त्याचा एक डबाही उपशाच्या जागेपासून फार लांब नसतो.