परम संगणक आणि कामाची वाटणी

जव्हारच्या डोंगरांतील साखरशेतासारख्या गांवीं भात, नागली व वरई हीं पिकें पावसाच्या भरंवशावर होतात. आवणीस मजूर कितीही मिळाले, तरी राबांतील रोपें उपटून होईपर्यंत लावणारांचे हात रिकामेच! त्या पावसाचा अंदाज काढणाऱ्या संगणकांचीहि अडचण हीच. १९६७ सालीं जीन अम्दाल ह्या अमेरिकन तंत्रज्ञानें ती मांडली: कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेंच करण्याजोगा असेल, तर हजार यंत्रें जोडूनहि वेग दहापटीपुढें जात नाहीं.

अधिक शक्तिमान् क्रे यंत्र देण्यास अमेरिकेनें आडकाठी केली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र निघालें. श्री. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. ह्या कथेंतील स्वाभिमानाचें कौतुक पुष्कळ झालें. मला तिच्यांतील वाटणीची युक्ति अधिक मोलाची वाटते. एकच प्रचंड यंत्र न घडवितां इन्मॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ शेजारीं शेजारीं जोडले. प्रत्येकास स्वतःची स्मृति, आणि शेजाऱ्यांशीं बोलण्यास चार वाटा. हवामानाच्या गणितास ही रचना मानवते: नकाशाचे तुकडे करून वांटावे, व प्रत्येकानें बांधावरची वार्ता तेवढी शेजाऱ्यास कळवावी. (रिचर्डसन ह्या इंग्रज पंडितानें १९२२ सालींच ६४,००० माणसें बसवून असें गणित करण्याचें स्वप्न रंगविलें होतें.)

पुढें एकाच यंत्रांत अनेक गणक, ज्यांस कोअर म्हणतात ते, आले. निरोप धाडण्याची एमपीआय पद्धति १९९४ सालीं, आणि सामायिक स्मृतीवर अनेक ‘थ्रेड’ चालविण्याची ओपनएमपी १९९७ सालीं ठरली. दोन्ही एकत्र वापरतांना हिशेब चुकतो. ३२ कोअरच्या यंत्रावर ४ कामें असतील, तर प्रत्येकास ८ थ्रेड पुरेत. प्रत्येकास ३२ दिले, तर १२८ थ्रेड तेवढ्याच कोअरसाठीं झगडतात आणि गणित उलट मंदावतें.

एवढी काटकसर कशासाठीं? नकाशावरील चौकोनाची बाजू निम्मी केली कीं चौकोन चौपट होतात, कालाचीं पाउलेंहि निम्मीं करावीं लागतात. काम आठपट वाढतें. २०१८ सालीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत ‘प्रत्यूष’ आला, तेव्हां चौकोन सुमारें १२ किलोमीटरांचा झाला. २०२५ च्या मे महिन्यांत ‘अर्क’ यंत्राच्या बळावर तो ६ किलोमीटरांवर आला. एवढ्या चौकोनांत जव्हारकडील एखादा डोंगर, त्याचे दोन्ही उतार आणि पायथ्याचे पाडे सहज मावतात. त्या सर्वांस पावसाचा एकच आंकडा मिळतो.