गरोदरपणात कधीतरी थोडी घेतली तर?

आजचा विषय जरा अवघड आहे. बचत गटाच्या बैठकीत तो कोणी मोठ्याने काढत नाही. बैठक उठल्यावर, चपला घालता घालता, हळूच विचारला जातो. गरोदर बाईने सणावाराला, लग्नकार्यात किंवा अंग दुखतंय म्हणून कधीतरी थोडी दारू घेतली, तर पोटातल्या बाळाला काही होतं का?

उत्तर आधीच सांगतो. घेऊ नये, थोडीही घेऊ नये. पण ‘नको म्हटलं ना, मग नको’ हे आपण बायकांनी जन्मभर ऐकलंय. कारण कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही या उत्तरामागचा इतिहास सांगणार आहोत. तो जवळपास ३०० वर्षांचा आहे. यात जाणत्या लोकांना खरं काय ते दिसलं, मग ते विसरलं गेलं, पुन्हा दिसलं आणि पुन्हा विसरलं गेलं. का विसरलं गेलं, ते आपल्या गावातही कामाला येईल.

सुरुवात लंडन शहरात होते. १६९० नंतर इंग्लंडच्या सरकारने धान्यापासून दारू गाळायला मोकळीक दिली. जमीनदारांच्या जास्तीच्या धान्याला गिऱ्हाईक मिळालं, सरकारला कर मिळाला आणि गरिबांच्या वस्तीत ‘जिन’ नावाची कडक दारू पाण्यासारखी वाहू लागली. पुरुष प्यायचे तशा कष्टकरी बायाही प्यायच्या. १७२६ साली तिथल्या वैद्यांच्या मोठ्या संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज केला. या दारूपायी अशक्त, रोगट मुलं जन्माला येताहेत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे बाळाला धोका आहे हे तेव्हाच कोणाच्या तरी नजरेत आलं होतं.

पुढे काय झालं? कायदे झाले, मोडले, पुन्हा झाले. १७५१ साली होगार्थ नावाच्या चित्रकाराने एक चित्र छापलं. त्यात दारूने झिंगलेली एक आई पायऱ्यांवर बसली आहे आणि तिचं बाळ मांडीवरून निसटून खाली पडतंय. ते चित्र आजही जगभर दाखवतात. पण त्यात धान्याचा जमीनदार नाही, कर घेणारं सरकार नाही. समोर आहे ती फक्त आई. मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. दारूचा नफा एकाचा आणि बोल मात्र बाईला, हे तेव्हापासून चालत आलंय.

त्यानंतर १८९९ साल. लिव्हरपूलच्या तुरुंगात विल्यम सलिव्हन नावाचे डॉक्टर होते. दारूच्या व्यसनापायी तुरुंगात आलेल्या १२० बायांची त्यांनी माहिती गोळा केली. त्या बायांना मिळून ६०० मुलं झाली होती. त्यातली निम्म्याहून जास्त मेलेली जन्मली किंवा दोन वर्षांची होण्याआधी दगावली. याच बायांच्या न पिणाऱ्या बहिणी आणि लेकींची मुलंही त्यांनी मोजली. त्यांच्यात हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याएवढं होतं. डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. काही बाया गरोदर असतानाच तुरुंगात आल्या होत्या. तिथे त्यांना दारू मिळत नव्हती आणि त्यांची मुलं धडधाकट जन्मली. बाई तीच, तिची गरिबी तीच, फक्त दारू बंद झाली होती. बाळाला नुकसान दारूमुळे होतं आणि दारू थांबवली की बाळ वाचू शकतं, हे यातून दिसत होतं.

इतकं दिसूनही जग विसरलं कसं? अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. बंदीवाल्या लोकांच्या भाषणांत दारू म्हणजे पाप आणि पिणारी बाई म्हणजे कुलक्षणी. बंदी उठली तेव्हा लोकांना त्या भाषणांचा वीट आला होता. ती भाषणं टाकून देताना त्यातलं खरं होतं तेही लोकांनी टाकून दिलं. १९४२ साली येल विद्यापीठातल्या नामवंत अभ्यासकांनी लिहिलं की, पिणाऱ्यांची मुलं अशक्त असतात ती आईच्या निकृष्ट आहारामुळे आणि घरच्या वाईट परिस्थितीमुळे, दारूने गर्भाला इजा होते असं नाही. पुढची ३० वर्षं बहुतेक डॉक्टर तेच मानत राहिले. शिवाय, आईच्या आणि बाळाच्या मध्ये जी वार असते ती वाईट पदार्थ आत जाऊ देत नाही, असाही समज होता. १९६१ साली थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने तो समज मोडला. उलट्या थांबाव्यात, झोप लागावी म्हणून गरोदर बायांना ते दिलं जात होतं. त्यामुळे जगात दहा हजारांवर मुलं हातापायांत दोष घेऊन जन्मली.

तरीही दारूकडे लक्ष गेलं नाही. उलट १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रिट्झ फुक्स यांनी वेळेआधी येणाऱ्या कळा थांबवायला शिरेतून दारूचं सलाइन द्यायची पद्धत काढली. ती अनेक देशांत वापरली गेली. बाया दवाखान्याच्या खाटेवर झिंगून पडायच्या. हे सांगतोय ते डॉक्टरांना नावं ठेवायला नाही. शिकलेली, चांगल्या मनाची माणसंही न तपासलेल्या गोष्टीला ‘काही होत नाही’ म्हणू शकतात, हे समजावं म्हणून सांगतोय.

याच काळात फ्रान्समध्ये, नान्त शहराजवळ, पॉल लमॉइन हे बालरोगतज्ज्ञ पिणाऱ्या आईबापांची मुलं तपासत होते. तो द्राक्षांचा आणि वाईनचा मुलूख. १९६८ साली त्यांनी १२७ मुलांची माहिती छापली. वजन कमी, वाढ खुंटलेली, आणि चेहऱ्याची ठेवण एकमेकांसारखी. पण लेख होता फ्रेंच भाषेत, तोही तिथल्याच एका मासिकात. बाहेर फारसा कोणी वाचला नाही. नंतर अमेरिकेत सिएटल शहरात क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टर बाईंच्या लक्षात आलं की, वजन न वाढणाऱ्या बऱ्याच बाळांच्या आया खूप दारू पितात. त्यांच्या या निरीक्षणावरून केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी मुलं तपासली. १९७३ साली त्यांनी आठ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि या विकाराला नाव दिलं. मुलं गोऱ्या, काळ्या आणि तिथल्या आदिवासी अशा वेगवेगळ्या समाजांतली होती, पण खुणा सारख्याच होत्या. लहान डोळे, नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ, वाढ कमी.

चेहरा तर फक्त वरून दिसतो. खरं नुकसान मेंदूचं होतं. आईच्या रक्तात जेवढी दारू, जवळपास तेवढीच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात जाते. बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ती लवकर निपटता येत नाही. चेहरा सुरुवातीच्या काही आठवड्यांत घडतो, पण मेंदू नऊही महिने घडत असतो. म्हणून ‘चार महिने झाले, आता चालेल’ असं काही नसतं. अशा मुलांना पुढे लक्ष देणं, लक्षात ठेवणं, हिशेब, चांगलं-वाईट उमगणं जड जातं. शाळेत त्यांना ढ किंवा उनाड म्हणून मार बसतो. हा विकार औषधाने जात नाही. मात्र लवकर ओळखला आणि समजून शिकवलं, तर मुलाचं आयुष्य पुष्कळ सुधारतं.

आता कोणी म्हणेल, ‘हे सगळं खूप पिणाऱ्या बायांचं झालं. आमचा प्रश्न कधीतरी थोडी घेण्याचा आहे.’ प्रश्न रास्त आहे. खूप पिण्याने नुकसान होतं, हे पक्कं आहे. अगदी थोड्या दारूबद्दल काही अभ्यासांत नुकसान दिसलं, काहींत दिसलं नाही. गरोदर बाईला मुद्दाम दारू पाजून प्रयोग करता येत नाही, करूही नये. एवढी घेतली तर नक्की धोका नाही, असं माप आजवर कोणाला सापडलेलं नाही. म्हणून अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी १९८१ साली गरोदर बायांनी दारू घेऊ नये असा सल्ला दिला. १९८९ पासून तिथल्या बाटलीवर तशी सूचना छापतात. ब्रिटनमध्ये मात्र, घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा अगदी थोडी, असं सांगत असत. २०१६ साली त्यांनीही सल्ला बदलला आणि अजिबात नको म्हटलं. काही नवा भयंकर पुरावा मिळाला म्हणून नव्हे, तर जिथे माप माहीत नाही तिथे शून्य हेच सुरक्षित म्हणून.

पुलावरून पाणी वाहतंय, किती खोल आहे कळत नाही. पलीकडे आपलं काही कामही नाही. मग कडेवर बाळ घेऊन कोणी त्यात पाऊल टाकेल का?

आपल्याकडच्या बाटलीवर २०१९ पासून दारू आरोग्याला घातक असल्याची सूचना सक्तीची झाली. त्या ठरावीक मजकुरात गरोदर बाईचा उल्लेख नाही. आणि मोहाची, ताडीची, हातभट्टीची तर बाटलीच नसते. पण पदार्थ एकच. मोह असो, बिअर असो की वाईन, बाळापर्यंत तीच दारू जाते. बाळंतिणीला ऊब यावी म्हणून ब्रँडी पाजणं, तान्ह्याच्या तोंडात ब्रँडीचे थेंब घालणं, हेही बंद व्हायला हवं. दारू अंगावरच्या दुधातही उतरते. आसवं आणि अरिष्टं मुरवून केलेली असतात, त्यांतही दारूचा अंश असतो. गरोदरपणात ती डॉक्टर-वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पूजेत किंवा पाहुणचारात मान राखायचा असेल, तर जमिनीवर धार सोडूनही मान राहतो. गरोदर सुनेला आग्रह करायचा नाही, हे गावातल्या वडीलधाऱ्या बायांनी ठरवलं तर ते सहज होईल.

एखादीने दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतली असेल, तर तिने घाबरून जाऊ नये. दारू घेतलेल्या प्रत्येक बाईच्या बाळाला इजा होतेच असं नाही. आजपासून थांबवली तरी बाळाचा फायदाच आहे. नर्सताईंना मोकळेपणाने सांगावं. मात्र जी रोज पिते, तिने एकटीने एकदम सोडू नये. हात थरथरणं, भ्रम होणं, झटके येणं असा धोका असतो. तिला आशाताईंबरोबर सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या टेली-मानसच्या फुकट क्रमांकावरही सल्ला मिळतो.

१९७० च्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी आली. आडव्या बाटलीला मत देऊन कितीतरी गावांच्या बायांनी दुकानं बंद केली. या सगळ्या लढाया दारूच्या धंद्याशी होत्या. गटातल्या एखादीशी बोलताना आपणही हे विसरू नये. जिला आपण कुलक्षणी म्हणू, ती लपून पिईल आणि दवाखान्यात खोटं सांगेल. मग तिचं बाळ कोणाच्याच नजरेस पडणार नाही. ती का पिते, तेही विचारा. नवऱ्याचा मार, उपाशी पोट, दिवसभराच्या मजुरीने ठणकणारं अंग, यातलं काही असलं तर त्यावर गटाने मिळून काय करता येईल ते पाहा.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा, सासवांनाही ऐकवा. काही अडलं तर आम्हाला विचारा. उत्तर शोधू आणि कार्यक्रमात सांगू. नाव सांगायची गरज नाही.