धर्मग्रामातील सल्लागार मंडळे : नाशिक धर्मप्रांताच्या संदर्भात

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस विंचूरकर सरदारांच्या जहागिरीमुळे परिचित आहे. कॅथलिक चर्चच्या प्रशासकीय रचनेत मात्र हा सारा परिसर नाशिक धर्मप्रांतात मोडतो. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन तो स्थापन झाला व येशूसंघाचे थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. स्थापनेचा हा काळ लक्षणीय आहे. चर्चची नवी कायदेसंहिता १९८३ मध्ये लागू झालेली असल्याने धर्मग्राम मंडळांची तरतूद या धर्मप्रांतास जन्मतःच मिळाली.

या तरतुदीचे मूळ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५) आहे. प्रापंचिकांनी आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडावे, तो त्यांचा हक्क व प्रसंगी कर्तव्यही आहे, असे परिषदेने मान्य केले. संहितेने मात्र हात आखडता घेतला. कलम ५३६ नुसार पालकीय मंडळ बिशपांस योग्य वाटल्यासच स्थापन होते. प्रमुख धर्मगुरू त्याचा अध्यक्ष असतो आणि मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. याउलट कलम ५३७ अन्वये आर्थिक मंडळ प्रत्येक धर्मग्रामात अनिवार्य आहे. म्हणजे पैशाच्या कामी साहाय्य सक्तीचे, तर पालकीय कार्यातील सल्ला ऐच्छिक! हा क्रम विचार करावयास लावणारा आहे.

गोव्यात ‘फाब्रिका’ व ‘कोंफ्रारिया’ यांच्या द्वारे चर्चच्या मालमत्तेच्या व्यवस्थेत प्रापंचिकांचा सहभाग पोर्तुगीज काळापासून होता. तेथे सवय आधी व कायदा नंतर आला. नाशिक-अहमदनगर भागाची गोष्ट वेगळी. येथील कॅथलिक समाज मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या जर्मन भाषिक येशूसंघीयांच्या कार्यातून घडला. हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक याच कार्यक्षेत्रात सुरू केले. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. नवख्रिस्ती बहुतांशी दलित व भूमिहीन होते. शाळा, वसतिगृह, दुष्काळातील धान्य, सरकारदरबारची रदबदली हे सर्व मिशनरी ‘फादरां’च्या हातून मिळत असे. जो देतो त्यालाच सल्ला कसा द्यावा, हा संकोच स्वाभाविक होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांची रवानगी केली, तेव्हा या परावलंबनाची जोखीम उघड झाली.

शेजारच्या प्रॉटेस्टंट समाजाशी तुलनाही उद्बोधक ठरते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्थानिक मंडळीची पास्टोरेट समिती सभासदांच्या निवडणुकीतून येते व तिला कारभाराचे अधिकार असतात. एकाच गावात दोन्ही पंथांची घरे असतील, तर नातलगांमध्ये ही तुलना टळत नाही. अर्थात निवडणुकीबरोबर गटबाजीही येते, हे दृष्टीआड करून चालणार नाही. तथापि सल्ला विचारण्याचे बंधनच नसल्यास मंडळ सणाच्या तयारीपुरते उरण्याचा धोका अधिक गंभीर आहे. धर्मगुरूची बदली होते, गावकरी तेथेच राहतात. शाळा, दफनभूमी वा वादग्रस्त जमीन यांविषयीच्या निर्णयांचे परिणाम त्यांनाच भोगावे लागतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथील सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने अशी मंडळे अनिवार्य करावीत व ‘केवळ सल्लागार मत’ या शब्दयोजनेचा पुनर्विचार व्हावा, असे सुचविले. पोप फ्रान्सिस यांनी तो संमत करून प्रसिद्ध केला. परंतु त्याने संहितेच्या कलम ५३६ चा मजकूर बदलला नाही.